'बघतो' म्हणू नका, वेळ सांगा
नोकरीतले प्रश्न : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांत पगाराची, बसची, कँटीनची तक्रार फार थोडी आहे. बहुतेक तक्रारी माणसांच्या आहेत. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पर्सोनेल आणि ट्रेनिंग खात्यात माझी नोकरी झाली, तिथेही हेच दिसायचं. काम येत नाही म्हणून मागे राहिलेली माणसं थोडी होती. आपलं काय अडलंय, काय हवंय, काय पटलेलं नाही हे वेळेवर आणि नेमकं सांगता आलं नाही म्हणून मागे राहिलेली पुष्कळ होती. मोघम बोलणं आपल्याकडे सभ्यपणात मोडतं. 'बघतो', 'करू की', 'होऊन जाईल', 'जरा लक्ष द्या'. बोलणारा मोकळा होतो आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. खालची उत्तरं वाचताना हे मनात असू द्या. पत्रं जागेअभावी थोडी कापली आहेत, नावं अर्थातच दिलेली नाहीत.

ताई, नमस्कार. अंबडला एका सीएनसी शॉपमध्ये (संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या) मी आधी ऑपरेटर आणि मग सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, होतो. दिवाळीनंतर मला सुपरवायझर केलं. माझ्या लाईनवरचे चौघं माझ्याबरोबरचेच आहेत. एका गाडीवर कामाला यायचो, त्रिमूर्ती चौकात चहा घ्यायचो. आता काही सांगितलं की 'साहेब झाला ना तू' म्हणतात. गोड बोललो तर मनावर घेत नाहीत, ओरडलो तर दोन दिवस तोंड फिरवतात. त्यातला एक माझ्यापेक्षा सीनियर आहे, तो मुद्दाम उलट करतो. गेल्या महिन्यात रिजेक्शन (नापास पीस) वाढलं तर मॅनेजरने सगळ्यांसमोर मलाच झापलं. मला परत सेटर करा असं सांगावं का?
— सुपरवायझर, वय 31, सिडको

एवढ्यात तसं काही सांगू नका. तुम्हाला मशीन येतं म्हणून बढती मिळाली, पण माणसांकडून काम कसं करून घ्यायचं हे तुम्हाला कोणी शिकवलं नाही. बहुतेक कारखान्यांत हीच पद्धत आहे आणि ती मला कधीच पटली नाही. नव्या मशीनवर ऑपरेटरला ट्रेनिंगशिवाय उभं करत नाहीत. माणसांवर मात्र असंच उभं करतात.

सुरुवात त्या सीनियरपासून करा. त्याची बाजू बघा. इतकी वर्षं काम केलं, सेटिंगमध्ये हात बसलेला आहे, आणि एके दिवशी नोटीस बोर्डवर दुसऱ्याचं नाव लागलं. त्याच्याशी कोणी दोन शब्द बोललंही नसेल. त्याला लाईनवरून बाजूला, एकट्याला भेटा. 'माझं ऐकत जा' असं म्हणू नका. सरळ विचारा, 'ही जागा तुला मिळायला हवी होती, असं वाटतं ना?' आणि मग थांबा. तो बोलायला लागला की आपली बाजू मांडायची घाई होते, ती आवरा.

कार्ल रॉजर्स नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी 1952 साली वादाच्या प्रसंगासाठी एक नियम सुचवला होता. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत मांडायचं, त्याने 'हो, मला हेच म्हणायचंय' असं म्हटलं की मगच आपलं म्हणणं सांगायचं. मी ट्रेनिंगमध्ये हे करून घ्यायचे. भले भले अडायचे, कारण आपण ऐकतो ते उत्तर देण्यापुरतं. तुम्ही त्याला म्हणा, 'म्हणजे सेटिंग तुला माझ्यापेक्षा जास्त येतं, आणि तरी तुला कोणी विचारलंही नाही, असंच ना?' तो 'हो' म्हणाला की बोलणी खरी सुरू झाली असं समजा. त्याला खोटं आश्वासन देऊ नका, पुढची बढती तुमच्या हातात नाही. पण एक खरं काम त्याच्याकडे सोपवता येईल. नवीन ट्रेनी मुलांना सेटिंग शिकवायचं काम त्याला द्या, आणि मॅनेजरला हे त्याच्या देखत सांगा. माणसाला मान हवा असतो आणि तो दिसायलाही हवा असतो.

आता रिजेक्शन. तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण मला शंका आहे ती पाळी बदलण्याच्या वेळेची. साडेतीन वाजत आलेले असतात. जाणाऱ्याची बॅग खांद्यावर, गेटवर बस हॉर्न देतेय. येणारा अजून हातमोजे चढवतोय. तो विचारतो, 'काही आहे का?' जाणारा म्हणतो, 'काही नाही, चालू आहे.' झाली पाळी बदली. आता यात काय राहून गेलं बघा. इन्सर्ट (कापणारी पात) झिजला की बोअर (पीसमधलं भोक) हळूहळू लहान येतो, म्हणून जाणाऱ्याने दीडच्या सुमारास वेअर ऑफसेट (झीज भरून काढायला मशीनमध्ये द्यायची दुरुस्ती) 20 मायक्रॉनने वाढवला होता. तीन वाजता त्याने इन्सर्टची कड फिरवली, पण वाढवलेला ऑफसेट परत घ्यायचा राहिला. नव्या कडेवर जुना ऑफसेट, म्हणजे बोअर मोठा येणार. येणाऱ्याला यातलं काही ठाऊक नाही. तो चार वाजता प्लग गेज (भोक तपासायचा दांडा) लावतो तेव्हा नो-गोची, म्हणजे आत जायला नको ती, बाजू सरळ आत जाते, आणि तोवर झालेले सगळे पीस लाल क्रेटमध्ये टाकावे लागतात. मग दोन पाळ्यांचं भांडण, आणि त्या भांडणात तुम्ही.

हे 'जरा लक्ष देऊन काम करा' म्हणून थांबत नाही. नियम करा की पाळी मशीनजवळच बदलायची. शेवटचा पीस दोघांनी मिळून गेजला लावायचा. जाणाऱ्याने शेवटचा ऑफसेट किती आणि कशासाठी दिला, इन्सर्ट कधी बदलला, बाजूला काढलेले पीस किती, आणि काय अर्धवट राहिलंय ते सांगायचं. येणाऱ्याने ते स्वतःच्या तोंडाने परत म्हणून दाखवायचं, मग वहीत सह्या. परत म्हणून दाखवणं सुरुवातीला सगळ्यांना पोरकट वाटतं. तरी सोडू नका, चूक सापडते ती तिथेच. याला दहा मिनिटं लागतात, आणि ती ऑपरेटरच्या स्वतःच्या वेळेतून काढू नका. बसची वेळ मागेपुढे करायची असेल तर पाळीवार रिजेक्शनचे आकडे घेऊन मॅनेजरकडे जा. ज्याने झापलं त्याच्याकडे आठ दिवसांत उपाय घेऊन गेलात, तर पुढच्या वेळी बोलताना त्याचाही सूर वेगळा असतो.

राहिले तिघं. 'साहेब झाला' यावर वाद घालू नका, हसून टाळूही नका. एकदाच, शांतपणे सांगा, 'दोस्ती आहे तशी आहे. पण लाईनवर रजा, ओव्हरटाईम आणि मशीन कोणाला द्यायचं हे मला ठरवावं लागेल, आणि नियम सगळ्यांना एकच.' रविवारच्या ओव्हरटाईमची पाळी बोर्डवर लिहून लावा. मग कोणीतरी जवळचाच येईल आणि म्हणेल, 'या रविवारी माझं बघ ना.' खरी परीक्षा ती. त्याला 'बघतो' म्हणालात तर बोर्डवरच्या कागदाला किंमत राहणार नाही. 'तुझी पाळी पुढच्या रविवारी आहे, अदलाबदल करायची तर तू त्याच्याशी बोल आणि मला दोघं मिळून सांगा,' असं म्हणा.

चूक दाखवताना वेळ, काम आणि परिणाम सांगा, स्वभावावर जाऊ नका. 'तू निष्काळजी आहेस' यावर माणूस भांडतो. 'काल सव्वाआठला तू तीन पीस न मोजता पुढे दिलेस, ते असेंब्लीतून परत आले' यावर भांडायला जागा राहत नाही. कौतुकही तसंच करा, 'छान काम' म्हणून सोडून देऊ नका, काय छान केलं ते सांगा. बोलायचं ते बाजूला घेऊन. ओरडायची वेळ एकच. कोणी मशीनच्या दाराचा इंटरलॉक (दार उघडताच मशीन थांबवणारा स्विच) बायपास करून हात आत घालत असेल तर तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर ओरडा. जीव वाचल्यावर रुसवा काढता येतो.

ताई, आमचे साहेब रात्री दहानंतर व्हॉट्सअॅपवर 'आज साडी छान होती' असे मेसेज पाठवतात. फाईल देताना हात धरून ठेवतात. ऑफिसमधल्या बायका म्हणतात, तू जरा मिळूनमिसळून राहायला शीक, हसून सोडून द्यायचं. मला खरंच लोकांशी वागता येत नाही का?
— गंगापूर रोड

बाई गं, तुला सगळं नीट वागता येतं. हा तुझ्या बोलण्या-वागण्याचा प्रश्नच नाही, त्यावर कुठलंही कौशल्य शिकायची गरज नाही. हा लैंगिक छळ आहे आणि त्याच्यासाठी 2013 चा कायदा आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. तिच्या अध्यक्ष महिला असतात, निम्म्या सदस्य महिला असतात आणि एक सदस्य बाहेरचा असतो. तक्रार लेखी द्यायची, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. छळ चालूच असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने धरतात. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण त्या भरवशावर थांबू नको. ऑफिस लहान असेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. चौकशी चालू असताना तू बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागू शकतेस.

मेसेज पुसू नको. त्यांचे फोटो काढून घरच्या कोणाकडे तरी ठेव. हात कधी धरला, कुठे, जवळ कोण होतं हे आजच तारखेसह लिहून काढ. आणि ज्या बाई 'सोडून दे' म्हणतात त्यांच्यापैकी एकीला एकटीला गाठून विचार, त्यांनाही असा त्रास झालाय का. पुष्कळदा झालेला असतो.

मॅडम, मी सिन्नरला प्लॅनिंगमध्ये इंजिनियर आहे. आमचे सर कस्टमरला फोनवर सांगून टाकतात, 'शुक्रवारी माल निघेल.' मला माहीत असतं की मंगळवारशिवाय शक्य नाही. पण ते वयाने, अनुभवाने मोठे, तोंडावर नाही कसं म्हणणार? मी 'हो सर' म्हणतो. शुक्रवारी माल जात नाही आणि सगळं खापर माझ्यावर फुटतं. अप्रेझलमध्ये 'कम्युनिकेशन सुधारा' असा शेरा आला. माझं इंग्रजी तर चांगलं आहे.
— वय 27, नाशिक रोड

तुमच्या सरांनी शेरा मोघम लिहिला, पण तो बरोबर आहे आणि त्याचा इंग्रजीशी संबंध नाही.

एक जुनी, फार वाईट घटना सांगते. 27 मार्च 1977 ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर, दाट धुक्यात, दोन जंबो विमानांची धावपट्टीवर टक्कर झाली आणि 583 माणसं गेली. त्यातल्या डच विमानाचा कॅप्टन कंपनीतला अतिशय ज्येष्ठ वैमानिक होता, इतर वैमानिकांना शिकवणारा. त्याने विमान पळवायला घेतलं तेव्हा मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनियरला शंका आली की समोरचं विमान अजून धावपट्टीवरच आहे. त्याने विचारलं, ते बाजूला झालं नाही का? कॅप्टनने ठासून सांगितलं की झालं. त्यापुढे इंजिनियरने ताणून धरलं नाही. कारणं इतरही होती, धुकं होतं, रेडिओवरचे संदेश एकमेकांत मिसळले होते, ड्युटीचे तास संपत आल्याची घाई होती. पण ज्याला शंका आली त्याने ती प्रश्नाच्या आडून विचारली आणि मोठ्या माणसाच्या एका शब्दावर ती सोडून दिली, हे नंतर सगळ्यांना बोचलं. 1979 मध्ये नासाने अशा अपघातांवर कार्यशाळा घेतली, 1981 पासून युनायटेड एअरलाइन्सने आपल्या वैमानिकांना याचं रीतसर शिक्षण सुरू केलं, आणि आज जगभर ते दिलं जातं. लहानाने मोठ्याला कसं सांगायचं आणि मोठ्याने ते कसं ऐकायचं, दोन्ही.

तिथे शिकवतात ती रीत तुमच्या कामाला जशीच्या तशी लागू पडते. आधी संबोधन, म्हणजे लक्ष वेधलं जातं. मग काळजी कशाची ते, मग वस्तुस्थिती, मग तुमचा उपाय, आणि शेवटी त्यांची संमती. तुमच्या बाबतीत बोलून दाखवते. 'सर, शुक्रवारच्या डिस्पॅचची मला काळजी वाटते. पीस हीट ट्रीटमेंटला आहेत, भट्टीवाला ते गुरुवारी संध्याकाळी देतोय. पुढे ग्राइंडिंगला दोन दिवस आणि तपासणीला एक, मध्ये सुट्टी येते. शुक्रवारी फार तर आधीच्या लॉटचे पीस देता येतील, पूर्ण माल मंगळवारी. कस्टमरला तसं कळवू का?' यात कुठे उर्मटपणा आहे? 'हे शक्य नाही सर' म्हणालात तर त्यांना तो नकार वाटणार. इथे तुम्ही त्यांच्या हाती एक तारीख आणि एक तोडगा देताय.

वेळ मात्र पाहा. कस्टमर समोर असताना किंवा फोन चालू असताना नको. आणि सर फोन उचलायच्या आधीच त्यांच्या टेबलावर त्या दिवशीची स्थिती असली तर अर्धे प्रसंग येणारच नाहीत. रोज सकाळी पाच ओळींचा कागद द्या. कुठला माल कुठे आहे, कधी निघेल, कशावर अडलाय. माझा अनुभव असा की साहेब लोक चुकीची तारीख देतात ती बहुधा खरी तारीख कोणी वेळेवर सांगितलेली नसते म्हणून.

एवढं करूनही ते म्हणाले, 'ते मला माहीत नाही, शुक्रवारी माल गेला पाहिजे,' तर? आणखी एकदा, त्याच शांतपणे सांगा. तरीही नाही, तर निर्णय त्यांचा आहे. पण त्याच दिवशी दोन ओळींचा मेल करा, 'आपल्या बोलण्याप्रमाणे शुक्रवारसाठी प्रयत्न करतो आहे, सध्याच्या स्थितीत मंगळवार शक्य दिसतो.' भाषा सरळ ठेवा, टोमणा नको. मग मनापासून प्रयत्न करा. भट्टीवाल्याकडे स्वतः जाऊन उभे राहा. तुम्ही तारीख अडवत नव्हता, काळजी करत होता, हे सरांना त्यातून कळेल.

हे पत्र वाचणाऱ्या वरिष्ठांनाही माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या हाताखालचा मुलगा वाईट बातमी घेऊन आला तर पहिलं वाक्य 'बरं झालं आत्ता सांगितलंस' हे असू द्या. एकदा त्याच्यावर डाफरलात की पुढची वाईट बातमी तुम्हाला थेट कस्टमरकडून कळेल.

ताई, मी सटाण्याची. सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करते. रोजच्या सकाळच्या मीटिंगमध्ये सगळे इंग्रजीत बोलतात, माझी बोलती बंद होते. माझ्या बोलण्यात अहिराणी हेल येतो म्हणून मुलं हसतातही. गेल्या महिन्यात पेमेंटच्या पानावरचा मोठा बग (प्रोग्राममधली चूक) मी शोधला, पण माझ्या शेजारच्या मुलाने तो मीटिंगमध्ये स्वतःचा म्हणून सांगितला. मी गप्प बसले.
— वय 24, इंदिरानगर

तुझ्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. आधी बगचा घेऊ.

त्या मुलाशी आधी एकटीने बोल. 'तू माझं श्रेय चोरलंस' असं म्हणालीस तर तो लगेच सफाई द्यायला लागेल. म्हण, 'पेमेंटच्या पानावरचा बग मी शोधला होता आणि तुला दाखवला होता. मीटिंगमध्ये माझं नाव आलं नाही, मला ते लागलं. पुढच्या वेळी तो मी सांगेन.' कदाचित त्याच्या लक्षातही आलं नसेल, कदाचित आलं असेल. दोन्ही बाबतीत हे वाक्य चालतं. आणि यापुढे काही सापडलं की दुसऱ्या कोणाला दाखवण्याआधी सिस्टीममध्ये स्वतःच्या नावाने नोंदव, टीम लीडला दोन ओळी लिही. काय सापडलं, कुठल्या पायऱ्यांनी पुन्हा दिसतं, ग्राहकाला काय त्रास झाला असता. शेवटचा भाग मुली सहसा लिहीत नाहीत, 'बग सापडला' एवढंच लिहितात. 'दोनदा बटण दाबलं तर पैसे दोनदा कापले जात होते' असं लिहिलंस की कामाचं मोल वाचणाऱ्याला आपोआप कळतं. अशी एक वही ठेव. अप्रेझलच्या वेळी वर्षभराचं काम आठवत बसावं लागत नाही, आणि लीडलाही तुझी बाजू वर मांडायला सोपं जातं. आपलं काम सांगणं म्हणजे बढाई नव्हे गं. आपल्याकडे मुलींना हे लहानपणापासून उलटं शिकवलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता बोलण्याचं. मीटिंगमध्ये तुझी पाळी मिनिटभराची असते. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. आदल्या संध्याकाळी ही तीन वाक्यं लिही आणि खोलीत मोठ्याने म्हण, डोळ्यांनी वाचू नको. शक्य असेल तर पहिल्या दोघांत बोल. वाट बघत बसलं की घसा सुकतो. एखादा शब्द अडला तर मराठीत बोल आणि पुढे जा, नाशिकच्या ऑफिसात तो सगळ्यांना कळतो. हळूहळू इंग्रजी पुढे सरकेल. ते सुधारायला हवंच, त्याबद्दल तुला खोटा दिलासा देणार नाही. परदेशी ग्राहकाशी बोलायचं काम त्याशिवाय मिळत नाही.

हेलाची मात्र लाज नको. कोणी हसलं तर एकदा स्पष्ट विचार, 'मी काय सांगितलं ते कळलं ना?' कळलं असेल तर विषय संपला. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, तिथे संध्याकाळी जाऊन बस. वेगवेगळ्या भागांतली माणसं आपापल्या हेलात बोलतात आणि लोक कान देऊन ऐकतात. चांगला वक्ता पहिल्या दोन मिनिटांत काय करतो तेवढंच टिपून आण.

ताई, माझी निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. हुशार आहे पण चार माणसांत बोलत नाही. एका क्लासवाल्याने सांगितलं की सॉफ्ट स्किलशिवाय हल्ली नोकरी लागत नाही, दोन महिन्यांत व्यक्तिमत्त्व बदलून देतो. फी बरीच आहे. घालावा का?
— शेतकरी, निफाड

दादा, त्या पैशांची आत्ता घाई करू नका. मुलाखतीत कसं बसायचं, बायोडाटा कसा लिहायचा हे क्लासमध्ये शिकता येतं आणि कॉलेजच्या प्लेसमेंट विभागात ते फुकटही मिळतं. दोन महिन्यांत व्यक्तिमत्त्व बदलून देतो म्हणणाऱ्यावर मात्र माझा विश्वास नाही.

तुमच्या घरीच याचं शिक्षण आहे. गोडी (फळांसाठीच्या) छाटणीला पेठ-सुरगाण्याकडची टोळी ठरवता ना? या वर्षी मुकादमाशी बोलणी त्याला करू द्या. एकरी दर काय, माणसं किती, कुठल्या तारखेला येणार, राहायची आणि सरपणाची सोय कोणाकडे, उचल किती. तुम्ही शेजारी बसा पण बोलू नका. हे सर्वांत अवघड तुम्हालाच जाईल. मुलगा अडखळेल, दर कदाचित थोडा चढा ठरवून येईल. तो फरक क्लासच्या फीपेक्षा कमीच असेल. मग डिपिंगच्या, म्हणजे घड औषधात बुडवायच्या, दिवसांत सकाळचं काम त्याने वाटून द्यावं. कोणाला कुठली ओळ, मणी केवढा झाल्यावर बुडवायचं, कुठे थांबायचं. वयाने आईएवढ्या बाईला चूक कशी दाखवायची हे तिथे कळतं. 'मावशी, हा घड परत एकदा बुडवा, वरची बाजू कोरडी राहिली' असं म्हणता आलं की उद्या वर्कशॉपमध्येही जमतं.

माल निघताना व्यापाऱ्याशी व्यवहारही त्याच्या हातून होऊ द्या. दर, वजन कुठल्या काट्यावर, क्रेटचं वजन किती धरायचं, डाग असलेला माल बाजूला काढायचा तो कोणी, आणि पैसे कुठल्या तारखेला. व्यापारी म्हणेल, 'पैशाचं बघू हो, घरचाच माल आहे.' तेव्हा पोराने तारीख विचारून ती कागदावर घ्यायची आणि व्यापाऱ्याची सही करून आणायची. मुलाखतीत 'तुझ्याविषयी सांग' असं विचारलं की बहुतेक मुलं पाठ केलेलं इंग्रजी म्हणतात. तुमच्या मुलाने टोळी कशी ठरवली, व्यापाऱ्याकडून तारीख कशी घेतली हे मराठीत सांगितलं तरी मुलाखत घेणारा खुर्ची पुढे ओढून ऐकेल. मी त्या खुर्चीवर बसलेली आहे, म्हणून खात्रीने सांगते.

एक मात्र करा. संध्याकाळी तो घरी आला की 'काय झालं?' एवढंच विचारून त्याला सगळं सांगू द्या, चुका लगेच काढू नका. चार माणसांत न बोलणाऱ्या पुष्कळ मुलांना घरात वाक्य पूर्ण करायला मिळालेलं नसतं.